चुंबकीय शेपटातील लाटा यानांना कशा कळतात?

प्रश्न : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रात्रीच्या बाजूस लांब शेपूट असते आणि ते वाऱ्यावरच्या पताकेसारखे फडफडते, असे वाचनात आले. तिथे फिरणाऱ्या यानाला शेपूट हलले की आपणच पुढे सरकलो, हे कसे कळते? कोजागरीचा चंद्र या शेपटातून जातो, हे खरे का? (एक निवृत्त शिक्षिका, इंदूर)

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाने या विषयातल्या संशोधकांना अनेक वर्षे अडवून धरले होते. सूर्याकडून सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने येणारा सौरवारा पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मागे ओढतो आणि ते चंद्राच्या कक्षेपलीकडे लांबवर ताणले जाते. इंदूरमध्ये जमिनीवर 40 हजार नॅनोटेस्लांहून (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) अधिक असलेले हे क्षेत्र तिथे जेमतेम 20 नॅनोटेस्ला उरते. शेपटाच्या उत्तर भागात त्याची दिशा पृथ्वीकडे, तर दक्षिण भागात पृथ्वीपासून दूर असते, आणि या दोहोंमध्ये विद्युतप्रवाहाचा एक पातळ पडदा असतो.

काही मिनिटांत यानावरच्या चुंबकमापकाने दिशा वारंवार उलटलेली दाखवली, तर पडदा यानावरून वरखाली गेला, एवढे एका यानालाही सांगता येते, कारण तेवढ्या वेळात यान स्वतः फार अंतर कापत नाही. परंतु पडदा किती जाड आहे आणि लाट कोणत्या दिशेने निघाली आहे, हे त्याला सांगता येत नाही. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी घरात बसून ढोलाचा आवाज वाढलेला ऐकला, तर गेर जवळ आली की ढोलच जोराने वाजू लागले, हे एकट्या माणसाला ठरवता येत नाही. राजवाड्याभोवती चार ठिकाणी चार माणसे घड्याळ घेऊन उभी असतील, तर मात्र गेरची दिशा आणि वेग दोन्ही काढता येतात.

सन 2000 मध्ये सोडलेल्या युरोपीय ‘क्लस्टर’ मोहिमेची चार याने नेमकी याच विचाराने चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार कोपऱ्यांवर उडत होती, कारण तिन्ही दिशांतला बदल मोजायला किमान चार बिंदू लागतात. लाट प्रत्येक यानापाशी कोणत्या क्षणी पोहोचली, यावरून तिचा वेग मिळतो, आणि वेग हाती आला की पडद्याची जाडीही काढता येते. यातून जे दिसले ते मला फार मोलाचे वाटते : पताकेच्या लाटा काठीकडून मोकळ्या टोकाकडे धावतात, परंतु या लाटा बहुधा शेपटाच्या मध्यापासून दोन्ही कडांकडे, म्हणजे आडव्या जातात. त्यामुळे पताकेची उपमा इथे अपुरी पडते, आणि लाटांचे मूळ केवळ बाहेरच्या वाऱ्यात न शोधता शेपटाच्या आतही शोधावे लागते.

शेपटातले मोठे स्फोटक बदल हा वेगळा विषय आहे, पण तिथेही अनेक यानेच उपयोगी पडली. नासाच्या ‘थेमिस’ मोहिमेची पाच याने शेपटाच्या लांबीवर अंतराअंतराने उभी असताना, 26 फेब्रुवारी 2008 रोजी चंद्राच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या गेल्याचे त्यांनी टिपले, आणि ध्रुवीय प्रकाश त्यानंतर सुमारे दीड मिनिटाने उजळला.

चंद्राबद्दल आपण वाचले ते खरे आहे. प्रत्येक पौर्णिमेच्या आसपास चंद्र काही दिवस या शेपटात असतो, आणि 2011 पासून ‘थेमिस’चीच दोन याने चंद्राभोवती फिरत असल्यामुळे तीही त्याच्याबरोबर दर महिन्याला शेपटातून जातात.