मालवणहून गॅलापागोसला जायचंय, बेटांवर ५-६ दिवसच मिळतील, कसं बसवू?
क्रूझ नको, दोनच बेटं धरा, सांताक्रूझ आणि इसाबेला. इक्वेडोर देशातल्या ग्वायाकिल शहरातून विमानाने सांताक्रूझला लागून असलेल्या बाल्ट्रा या छोट्या बेटावर उतरा, सांताक्रूझच्या डोंगराळ भागात महाकाय कासवं मोकळी चरताना दिसतात, मग स्पीडबोटीने साधारण २ तासांत इसाबेला, आणि जास्त दिवस तिथेच ठेवा कारण सिएरा नेग्रा ज्वालामुखीचं अवाढव्य तोंड बघायला गाईडबरोबर चालत जाता येतं, शिवाय पेंग्विन, काळ्या खडकांवर बसलेले समुद्री इग्वाना, हे इसाबेलाच्या गावाला लागूनच. वेटसूट घ्याच, जून ते नोव्हेंबर पाणी आपल्या मालवणसारखं कोमट नसतं, चांगलंच गार. प्राण्यांपासून २ मीटर लांब राहायचा नियम मनापासून पाळा, डॉल्फिन दिसला की आपल्याकडे बोटी मागे पळवतात तसं तिथे अजिबात नको. आणि हो, यलो फीवरची लस निघायच्या १० दिवस आधी तरी घ्या, सर्टिफिकेट नसेल तर परत येताना मुंबईत क्वारंटाइन करू शकतात.