बिबड्यांच्या हंगामाआधी

बेटा,

तुझ्या बिबड्यांच्या, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पापडांच्या, रील्स हजारो लोक बघतात आणि ऑर्डर मात्र दहा-बाराच येतात, असं तू कळवलंस. रील दोन-चार दिवस चालते, मग मागे पडते. "बिबडे तळताना तेल का पितात" हा प्रश्न मात्र पुण्यात संसार थाटलेली जळगावची लेक वर्षभरात कधीही गूगलला विचारेल. त्याचं उत्तर तुझ्या ब्लॉगवर हवं. लोकांना तिथपर्यंत आणून सोडणं हे रीलचं काम.

आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घे आणि ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घे. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर ठेवू नकोस. तो फोन उचलेनासा झाला की पत्ताच हातचा जातो. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथंच होतं, त्यांच्याकडे लोकांना पुन्हा गाठायला काहीच उरलं नाही.

विषय शोधत बसू नकोस. व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरव, त्यांच्याच शब्दांत. एका प्रश्नाला एक लेख, आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत: तेल पुरेसं तापलेलं नसतं, नाहीतर बिबडे सादळलेले असतात. मग ज्वारी भिजवण्यापासून कपड्यावर थापून उन्हात वाळवण्यापर्यंतचे फोटो टाक. मोबाइलचा फोटो जसाच्या तसा चढवला तर पान उघडायला वेळ लागतो आणि माणूस निघून जातो. प्रत्येक फोटो शे-दीडशे केबीपर्यंत आण. शीर्षक मराठीत ठेव, पण लिंक रोमन अक्षरांत आणि छोटी ठेव. देवनागरी लिंक व्हॉट्सअॅपवर चिकटवली की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. लोकांना ती फसवणुकीची वाटते.

गूगलवर नवा लेख वर यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून उन्हाळ्याचे लेख संक्रांतीपर्यंत लिहून टाक. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लिहिलेला लेख त्या हंगामाच्या कामी येत नाही.

आता एका लेखातून चार तुकडे काढ: तळण्याची रील, चुकलेल्या आणि जमलेल्या बिबड्याचा फोटो, एक स्टोरी, एक व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट (एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा मेसेज). इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही. ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरवर दे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये नंबर सेव्ह करायला सांगणारी चिठ्ठी घाल. लिंकसोबत दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं कर, नाहीतर थाळी अर्धी कापली जाते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लिंक मुखपृष्ठाची दिल्यानं. रील तळण्याची आणि लिंक उघडल्यावर "आमच्याविषयी"! माणूस तिथून परत फिरणारच. लिंक त्याच लेखाची दे, आणि लेखाच्या शेवटी व्हॉट्सअॅपचं बटण ठेव, ज्यात "अर्धा किलो बिबडे हवेत" हे आधीच लिहिलेलं असेल.

प्रत्येक लिंकला यूटीएमची शेपटी (ती लिंक कुठे दिली ते सांगणारे शब्द) जोड, म्हणजे कोण कुठून आलं ते अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद ठेवणाऱ्या साधनात, दिसेल. शेपटीतली सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीत ठेव. एकदा मोठं, एकदा लहान झालं की तिथं दोन वेगळे रस्ते मोजले जातात. लाइक मोजू नकोस, बटण किती जणांनी दाबलं ते मोज.

या रविवारपर्यंत वहीतले पहिले पाच प्रश्न पाठव. त्यातला कोणता आधी लिहायचा, ते ठरवू.