‘एंड-टू-एंड’मधलं टोक कुणाचं?

विचारणा अशी आहे: एका सहकारी पतसंस्थेच्या मोबाइल ॲपचं माहितीपत्रक मराठीत करायचंय. त्यात ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ला ‘आद्यंत कूटबद्धता’ म्हणावं का? आणि प्रायव्हसीबद्दल जे आश्वासन दिलंय, त्याला ‘गोपनीयतेची हमी’ म्हटलेलं चालेल का?

‘कूटबद्ध’, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून ठेवलेलं, चालेल. मला तो फारसा आवडत नाही, पण आता रुळलाय. नावड एवढ्यासाठीच की संस्कृतातलं ‘कूट’ जरा बदनाम आहे. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार, कूटतुला म्हणजे मापात मारणारा तराजू. मराठीत कूटप्रश्न, कूटश्लोक यांच्या संगतीनं तो निवळला आणि ‘उकलावं लागणारं’ एवढाच अर्थ उरला. दाण्याचं कूट वेगळ्या घराण्यातलं, कुटण्यावरून आलेलं. गंमत म्हणजे तेही संगणकवाल्यांच्या उपयोगाचं आहे. कुटाचे पुन्हा दाणे होत नाहीत. पासवर्ड साठवताना करतात ते ‘हॅशिंग’ नेमकं असंच. एन्क्रिप्शनचं तसं नाही, किल्ली हाती असली की दाणे अख्खेच्या अख्खे परत मिळतात. ‘सांकेतिकीकरण’ मात्र नको. पत्रक काउंटरवरच्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार आहे, हे विसरू नका.

खरी गोची ‘आद्यंत’मध्ये आहे. कादंबरी आद्यंत वाचली, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. इथल्या ‘एंड’ला सुरुवात आणि शेवट नाहीत, दोन टोकं आहेत: धाडणाऱ्याचं उपकरण आणि घेणाऱ्याचं उपकरण. किल्ली फक्त त्या दोन टोकांवर असते. मधल्या कुणाकडे नसते, सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडेही नाही. ‘आद्यंत’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, माहिती वाटभर झाकलेली आहे. वाटभर झाकलेली असणं वेगळं आणि मधल्याला उघडताच न येणं वेगळं.

हा फरक कीस काढणाऱ्यांचा वाटेल, पण याच शब्दावरून एक मोठी कंपनी अडचणीत आली होती. मार्च 2020 मध्ये, टाळेबंदीमुळे शाळा-कचेऱ्या झूमवर भरत असताना, बातमी आली की झूम ज्याला एंड-टू-एंड म्हणते ते तसं नाहीच. बोलणं तुमच्या संगणकापासून झूमच्या सर्व्हरपर्यंत कूटबद्ध असे, पण किल्ल्या कंपनीच्याच हाती. म्हणजे ‘टोक’ या शब्दाचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीनं आपल्याच दारापर्यंत आणून ठेवला होता. 1 एप्रिलला कंपनीनं दिलगिरी व्यक्त केली आणि या संज्ञेचा रूढ अर्थ आणि आपण करत होतो तो अर्थ यांत तफावत असल्याचं कबूल केलं. पुढे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीत किमान 2016 पासून ग्राहकांची दिशाभूल होत होती असं म्हटलं गेलं, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये तडजोड झाली.  एंड-टू-एंडच्या बाबतीत चुकलं ते शब्दाच्या अर्थात.

मधल्या माणसाबद्दलचा संशय आपल्या भाषेला नवा नाही. पेशवाईतल्या कागदांत पत्र पोचवणारा तो जासूद, आणि हेर तोही जासूद! पानिपतानंतर, जानेवारी 1761 मध्ये, सावकारांचा एक कासीद, म्हणजे पत्र पोचवणारा, औरंगाबादेकडे निघाला होता. वाटेत त्याची गाठ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी पडली आणि सावकारी पत्र पेशव्यांनीच उघडलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची गणतीच नाही, असा मजकूर. आपण हा सांकेतिक भाषेचा नमुना म्हणून शाळेपासून सांगत आलो. मला त्यात दुसरंच दिसतं: पत्र ज्याच्या नावचं होतं त्याच्या हाती पडण्याआधीच वाचलं गेलं, आणि वाचणाऱ्याला मोती कोण हे सांगावं लागलं नाही. सांकेतिक होतं, टोकापासून टोकापर्यंत नव्हतं.

म्हणून माझी पसंती साध्या ‘टोक ते टोक कूटबद्ध’ला. ‘दुटोकी’ असाही एक शब्द मनात आला होता, पण त्याला दुतोंडीची सावली पडते. पतसंस्थेच्या पत्रकात ती नकोच.

पण भाषांतराला हात घालण्याआधी संस्थेला एक विचारा: तुमच्या ॲपमध्ये दुसरं टोक कोण? व्हॉट्सॲपवर ते सरळ आहे, मी आणि माझी मावशी. पतसंस्थेत खातेदाराचा व्यवहार संस्थेला वाचावाच लागतो, नाहीतर पैसे जमा कसे करणार? म्हणजे फार तर संस्था हे दुसरं टोक. आणि सर्व्हर ॲप बनवून देणाऱ्याच्या ताब्यात असेल, किल्लीही त्याच्याकडेच असेल, तर झूमचंच घरगुती रूप झालं.

आता ‘हमी’. हमीमागे हमीदार उभा असतो. कर्ज थकलं की बँक त्याचं दार ठोठावते, हे पतसंस्थेच्या लोकांना आपण काय सांगावं! कंपन्यांच्या प्रायव्हसीच्या निवेदनांत बहुधा असते ती ग्वाही. चुकलं तर काय भरून देणार हे लिहिलेलं नसेल, तर ‘हमी’ लिहू नका. ‘गोपनीयता’ही जपून वापरा, कारण कूटबद्ध होतो तो मजकूर, पाकिटावरचा पत्ता उघडाच राहतो. कोणी, कुणाला, कधी, किती वेळा, हे मजकुरात येत नाही. व्हॉट्सॲपनं एप्रिल 2016 मध्ये सगळ्यांचे संदेश टोक ते टोक कूटबद्ध केले, पण गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर ठेवलेल्या बॅकअपना तशी सोय 2021 मध्ये मिळाली, तीही ज्यानं निवडली त्यालाच. मधल्या पाच वर्षांत संदेशांबद्दलचा दावा खरा होता, फक्त पेटीतल्या प्रतीला तो लागू नव्हता.

किल्ली खरोखर दोन टोकांवरच असेल तर लिहा: ‘तुमच्या फोनपासून संस्थेपर्यंतचा मजकूर टोक ते टोक कूटबद्ध असतो, मधल्या कुणालाही, ॲप बनवणाऱ्यालाही, तो उघडता येत नाही.’ तसं नसेल तर एंड-टू-एंड गाळाच आणि एवढंच ठेवा: ‘तुमची माहिती वाटेत कूटबद्ध असते.’ संस्थेला हे वाक्य फिकं वाटेल, सचिव कदाचित ‘हमी’चा आग्रह धरतील. तेव्हा हमीदाराच्या सहीसाठी खाली एक ओळ सोडू का, असं विचारून पाहा.