स्टील गिटार सोडू नकोस, आधी गाऊन बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. घरचे म्हणतायत हे जुन्या ऑर्केस्ट्रातलं वाद्य, आता कोण वाजवतं, त्यापेक्षा कीबोर्ड शीक. मला विचारशील तर अजिबात सोडू नकोस.

हवाईतल्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने १८८०च्या दशकाच्या शेवटी गिटार आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची ही पद्धत सुरू केली असं मानतात, पण आपल्याकडे ती रुजली कारण आपल्याला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, लागते आणि साध्या गिटारवर पडद्यापडद्याने (फ्रेटवरून फ्रेटवर) उड्या मारत जावं लागतं, इथे मात्र बार सरकला की सा आणि रे यांच्या मधलं सगळं वाजतं. मुंबईत व्हॅन शिप्लेंनी इलेक्ट्रिक गिटारवर हिंदी गाणी वाजवली, कलकत्त्यात सुनील गांगुलींनी. ब्रिजभूषण काबरांनी तर थेट राग वाजवले. १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड लाव, संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसादजींची, पण तू फक्त काबरांच्या गिटारमागे जा. प्रत्येक स्वरावर ते पोचतात कसे तेच ऐक.

आता हाताचं बोलू. बार बरोब्बर पडद्याच्या पट्टीवर हवा, साध्या गिटारसारखा पट्टीच्या अलीकडे नाही. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर हलकी टेकलेली राहू दे, नाहीतर मागची तार कुरकुरते आणि सगळा गोंगाट होतो. आणि थरथर लगेच नको गं, नवीन पोरं बेसूर झाकायला बार हलवत बसतात, आधी स्वर सरळ लागू दे, थांबू दे, मग हलव.

महागडी गिटार आत्ता घेऊ नकोस. जुन्या अकूस्टिकचा नट (वरच्या टोकाला तारा ज्याच्यावर टेकतात तो) उंच करणारी पट्टी मिळते, ती लाव, बार आणि थंब पिक (अंगठ्यात घालायची नखी) मुंबईत धोबीतलावला मिळतील. पावसाळ्यात आपल्याकडे तारा लगेच गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पूस.

चाळीत आवाजाचा प्रॉब्लेम असेल तर सकाळी वाजव, रात्री नुसतं गा. हो, गाच, कारण जी ओळ गळ्यातून येत नाही ती बारमधून सुरात निघणार नाही.

पुढच्या रविवारी तानपुरा ॲप लावून सा, ग, प रेकॉर्ड करून पाठव. गाणं इतक्यात नको.