जपानमध्ये भारतीय लायसन्स चालेल का?

प्रश्न : मुलीकडे जपानला जात आहोत. होक्काइदोत चार दिवस गाडी भाड्याने घ्यायची आहे. भारतीय लायसन्स पुरेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसतं लायसन्स पुरणार नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. जपान १९४९च्या जिनिव्हा करारानुसार काढलेलेच परवाने मानतं. भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपल्याकडे पुस्तकाच्या रूपात मिळणारा हा परवाना तिथे चालतो. परवाना काढायला आरटीओत नमुना ४अ हा अर्ज, लायसन्स आणि पासपोर्ट लागतो. शुल्क १,००० रुपये. अर्ज 'सारथी' पोर्टलवर भरता येतो.

पुस्तक हातात पडलं की तिथेच उघडून बघा. मोटारीसाठी 'बी' रकान्यात शिक्का हवा. फक्त दुचाकीच्या 'ए'समोर असेल, तर काउंटरवर गाडी मिळणार नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. मूळ लायसन्सचं कार्डही न्या. मोबाइलमधलं डिजिलॉकर तिथे कामाचं नाही. परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, पण लायसन्स आधी संपत असेल तर तेवढीच. म्हणून आधी लायसन्सचं नूतनीकरण करा, मग परवाना काढा.

गाडी डावीकडूनच चालते, तो त्रास नाही. सवय मोडावी लागते ती रेल्वे फाटकाची : फाटक उघडं असलं तरी रुळांआधी गाडी पूर्ण थांबवायची, दोन्ही बाजूंना बघायचं, मगच पुढे. लाल उलटा त्रिकोण म्हणजेही पूर्ण थांबा. लाल दिव्यावर डावीकडे वळायचं नाही. सहा वर्षांखालचं नातवंड सोबत असेल, तर चाइल्ड सीट बुकिंग करतानाच मागून ठेवा.