झाडांचे प्रश्न: आफ्रिकेतून आलेली पिचकारी

आमच्या रस्त्यावरच्या पिचकारीला पळस-पांगाऱ्यासारखीच लालभडक फुलं येतात. हे झाड त्यांच्याच कुळातलं का?

नाही. खाली पडलेलं फूल हातात घ्या. पाकळ्या सुट्या नसतात, त्या जुळून तिरकी घंटा झालेली असते आणि आत चार पुंकेसर दिसतात. पळस-पांगाऱ्याची फुलं पतंगरूपी असतात. पिचकारी, म्हणजे स्पॅथोडिया कॅम्पॅन्युलाटा, टेटूच्या कुळातली: बिग्नोनिएसी. नीलमोहर आणि बुचही याच घरातले. तिचं मूळ घर घानापासून अंगोलापर्यंत आणि पूर्वेला युगांडा-केनियापर्यंतच्या जंगलांत, विशेषतः जंगलांच्या कडेला आहे.

एका जुन्या वनस्पतीग्रंथात मेडशिंगीचं नाव ‘स्पॅथोडिया फाल्काटा’ दिलंय. छपाईची चूक?

चूक नाही. पालिसो द बोव्हा या फ्रेंच अभ्यासकाने १८०५ मध्ये स्पॅथोडिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, उभी केली. कळीवरचा पुष्पकोश एकाच बाजूने फाटून होडीसारखा होतो, हे तिचं ठळक लक्षण. आपल्या मेडशिंगीतही ते दिसतं, म्हणून तिलाही त्याच प्रजातीत घातलं गेलं. खडशिंगीही काही काळ तिथेच होती. पण मेडशिंगीचं फूल पांढरं, लांब नळीचं आणि रात्री उमलणारं, पतंगांसाठीचं. पिचकारीकडे आफ्रिकेत पक्षी येतात. पुढे मेडशिंगी डोलिकँड्रोनमध्ये गेली, खडशिंगी राडरमाकेरामध्ये, आणि स्पॅथोडियात आज एकच जाती उरली. पूर्व आफ्रिकेतली, पानांवर जास्त लव असलेली निलोटिका पूर्वी वेगळी जाती मानत, आता ती उपजाती मानतात. गंमत म्हणजे डीएनएच्या अभ्यासातही पिचकारी, मेडशिंगी आणि खडशिंगी एकाच शाखेवर येतात. नीलमोहर मात्र दूरचा निघतो. जुन्या मंडळींची नजर पक्की होती!

पिवळ्या फुलांचं झाड वेगळ्या जातीचं असतं का?

नाही, तो याच जातीतला रंगभेद आहे.

मुलं कळ्या दाबून पाणी उडवतात. ते पाणी कुठून येतं?

पुष्पकोशाच्या आतल्या ग्रंथींतून. ते पावसाचं नसतं, कोरड्या दिवसांतही कळी भरलेलीच असते. कपड्यांवर डाग पडतात, तेवढं सांभाळा.

सोसायटीच्या फाटकाशी लावू का?

लावू नका. लाकूड मऊ असतं, वादळी पावसात फांद्या मोडून गाड्यांवर पडतात. फिजी आणि हवाईत तर हे झाड रानात घुसलंय. एका शेंगेत पंख असलेल्या शेकडो बिया असतात, शिवाय मुळांतूनही फुटवे येतात. याच कुळातलं हवं असेल तर पाडळ लावा. सुगंधी आहे, आणि आपल्या रानातलं आहे.