पहिल्या दुधाआधी तोंडाकडे बघ

नवजात बाळाच्या तोंडाला फेस येतोय, पुसला की पुन्हा बुडबुडे, तर दूध अजिबात पाजू नकोस; अन्ननलिका जन्मतःच बंद असू शकते. गरोदरपणात गर्भजल जास्त होतं का, तेही विचार. मग १० फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी तोंडातून हळूच सरकव. हिरडीपासून साधारण १० सेंटिमीटरवर अडली, तर अन्ननलिका बंद असण्याची दाट शक्यता. बारीक, मऊ नळी नको. ती अन्ननलिकेच्या वरच्या, बंद टोकाच्या पिशवीतच गुंडाळते आणि पोटात गेल्यासारखी वाटते. फसगत इथेच होते. नळी आत ठेवूनच छाती-पोटाचा एक्स-रे. पोटात हवा दिसली, तर अन्ननलिकेचा खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. तोवर डोकं उंच, पिशवीतून सतत सक्शन. मास्कने दाबून हवा देणं शक्यतो टाळ, पोट फुगतं. नळी सहज गेली, पण दर दुधाला ठसका लागतोय? मग एच प्रकारचा फिस्टुला, म्हणजे अन्ननलिका बंद नसताना तिला श्वासनलिकेशी जोडणारा मार्ग, शोधायलाच हवा.